रेंज कुठं मरते ते बघत, मेढा ते जत

सातारा-सांगलीचं प्रवासवर्णन म्हटल्यावर तुम्ही पाय पसरून बसला असाल. आता हा फुलांचं पठार दाखवणार, मग धबधबा, मग कृष्णेच्या घाटावर मावळता सूर्य आणि शेवटी कंदी पेढा. तसलं काही नाही. मी सहा दिवस फिरलो आणि सहा दिवस टॉवर बघितले. सूर्य रोज मावळत असणार, त्याला कोण अडवतंय, पण त्या वेळेला मी कुठंतरी चार्जर शोधत होतो. तेव्हा ज्यांना निसर्ग पाहिजे त्यांनी इथंच उतरावं, पुढं स्टॉप नाही.

माझं काम काय ते आधी सांगतो, कारण माझ्या आईलाही अजून कळलेलं नाही. एक गाडी. गाडीच्या पुढच्या काचेला लाकडी फळी, फळीवर सहा फोन. मागच्या सीटवर लॅपटॉप आणि लॅपटॉपच्या मागं मी. फोन आपापले फोन लावतात, आपापले कट करतात, आणि कुठल्या जागी कुठल्या टॉवरनं त्यांना धरलं, किती घट्ट धरलं, ते लिहून ठेवतात. त्यावरून एक यादी होते. उद्या कुणी साध्या बटणांच्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, तर पलीकडच्या बाईच्या स्क्रीनवर त्या यादीवरूनच अंदाज येतो की माणूस कुठं आहे. यादीत टॉवरचा इलाका चुकला की माणूसही चुकला.

लोकांना वाटतं आम्ही जुने फोन विकतो. एका गावात एक बाई घरातून चार्जर घेऊन पळत आली, 'एवढी पिन बदलून द्या' म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी पाटणे मॅडमनी ऑफिसात बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या साहेब, मालक, हेडमास्तर, सगळं एकच. त्यांनी नकाशावर जत तालुक्याच्या पार शेवटच्या टोकाला, जिथून पुढं कर्नाटक लागतं, तिथं बोट ठेवलं.

"यल्लम्माची वस्ती. इथल्या आशा वर्कर सुवर्णाताई रोज दहाला ऑफिसला फोन करतात. वस्तीवरनं अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला की तो कर्नाटकातला टॉवर पकडतो. गाडी तिकडची निघते आणि तिकडंच हिंडते. त्यांची सून याच महिन्यात बाळंत होणार आहे. यादी महिन्यातनं एकदाच बदलते. शनिवारी दुपारपर्यंत रीडिंग आलं तर सोमवारी बदल होईल. नाही आलं तर पुढच्या महिन्यात. आणि बाळ पुढच्या महिन्याची वाट बघत नाही. कळलं?"

"कळलं मॅडम."

"काय कळलं?"

"बाळ वाट बघत नाही."

"तुझा नंबर त्यांना दिलाय. आता त्या तुला फोन करतील."

मेढा

गाडी चालवायला शिवाजीआण्णा. वय साठीच्या घरात, चोवीस वर्षं फौजेत गाडी चालवलेली. त्यांच्या लेखी जगात रस्ते दोनच, एक लेहचा आणि दुसरे बाकीचे. मेढ्याच्या वर घाटात गाडीचं एक चाक हवेत होतं तरी आण्णा एका हातानं तंबाखू मळत होते.

"आण्णा, दोन्ही हातानं धरा की."

"दोन्ही हात भ्यालेला मानूस लावतोय. तू बघ की तुजं फोन."

मी फोन बघायचं सोडून स्ट्रॉबेरी खात होतो. रस्त्याच्या कडेला एका काकूंकडं पाटी घेतली होती आणि तोंडात एका वेळी दोन बसतात का, हा प्रयोग चालला होता. तेवढ्यात सुवर्णाताईंचा पहिला फोन आला.

आता माझी एक खोड सांगावी लागेल. मी आवाज काढतो. रहिमतपूरच्या शाळेत मी हेडसरांच्या आवाजात माईकवरून सुट्टी जाहीर केली होती आणि दोन वर्ग खरंच घरी गेले होते. त्यानंतर सरांनी मला जे मारलं ते मात्र त्यांच्या स्वतःच्या हातानं. तर तोंडात स्ट्रॉबेरी असल्यामुळं आवाज आपोआप जाड निघाला, आणि एकदा निघाल्यावर मला राहवलं नाही.

"हां, बोला. साहेब बोलतोय."

"कुठलं सायेब?" ताईंनी विचारलं.

"मोठे."

"आवं सायेब, वस्तीवर कवा येताय? सुनंचं दिवस भरत आल्यात."

"आमची टीम गुरुवारी सकाळी आठला पोचेल. ठीक आठ."

फोन ठेवला. आण्णांनी आरशातनं बघितलं. "गुरवारी आपुन सांगलीत हाय रं."

"बघू की आण्णा. साहेब बघतील."

वरच्या वाडीत पोचलो तर फळीवरचे सहाच्या सहा फोन मेलेले. एकाही काडीची रेंज नाही. मी लॅपटॉपवर 'येथे नेटवर्क नाही' असं लिहिलं आणि तेवढ्यात कुठंतरी फोन वाजला. मग दुसरा वाजला. आवाज आंब्याच्या झाडातनं येत होता. बघतो तर फांदीला कापडी पिशवी टांगलेली आणि पिशवीत वाडीतले सगळे फोन. दरीच्या पल्याड एक टॉवर आहे, त्याची रेंज त्या एका फांदीवर तेवढी येते, म्हणून सकाळी जो तो आपला फोन पिशवीत टाकून रानात जातो. झाडाखाली सारजाआत्या नावाच्या म्हाताऱ्या पावटा सोलत बसतात. फोन वाजला की उचलतात, आणि ज्याचा असेल त्याला खालच्या वावरापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारतात. टेलिफोन एक्स्चेंज म्हणा, पण पावट्यासकट.

यंत्राच्या दृष्टीनं ती सगळी वाडी एका फांदीवर राहते, आणि ती फांदीही त्याला दरीच्या त्या अंगालाच दिसते. मला तेव्हा पहिल्यांदा सुवर्णाताईंची भानगड नीट कळली. यंत्राला डोंगर दिसत नाही, ओढा दिसत नाही. कुणी धरलंय तेवढंच दिसतं.

आत्या कोंबडी हाकलायला उठल्या आणि पिशवीत फोन वाजला. मी उचलला. आता माणसानं गप्प फोन उचलावा, पण नाही. आत्यांच्या आवाजात म्हणालो, "कोण हाय?"

"आत्या, मी राजू. आय कुठाय?"

"आरं आय श्यातात गेलीया. बरा हाईस न्हवं?"

पलीकडनं एकदम फौजी आवाज. "कौन है? कोन बोलतंय? आत्या मला आधी शिवी देती, मग बोलती. तू कोन?"

आत्या परत आल्या, माझ्या हातातनं फोन घेतला, "मुडद्या, आठ दीस कुठं मेला हुतास," म्हणून राजूची खुशाली विचारली. मग फोन पिशवीत टाकला, माझ्याकडं बघितलं आणि राजूची राहिलेली अर्धी शिवी मला दिली. वर नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि पावट्याची आमटीही दिली. आमच्याकडं शिवी दिल्यावर जेवायला घालत नाहीत. इथं बहुतेक दोन्ही एकाच ताटात येतं.

सांगली

सांगलीत उलटा प्रश्न. रेंज एवढी की फोनला कुठल्या टॉवरला धरू नि कुठल्याला सोडू असं होतं. पण हळदीच्या गोदामात शिरलं की सगळं थंड. पोत्यांच्या थप्प्या छतापर्यंत, त्यातनं सिग्नल येणार कुठनं. चौगुलेकाका म्हणून जैन व्यापारी आहेत, त्यांच्या गोदामात आत जाऊन रीडिंग घ्यायचं होतं. काकांनी दारातच सांगितलं, "लॅपटॉप बाहेर ठेवा. सौदा चालू आहे, हळद उडते."

मी म्हणालो, "काका, हे आमचं रोजचं काम आहे."

पाच मिनिटांनी माझ्या डोक्याच्या वरच्या अंगाला कुणीतरी पोतं उपडं केलं. मी बाहेर आलो तेव्हा हमाल हातातलं काम सोडून बघायला लागले. डोकं, भुवया, कानाच्या आतला भाग, सगळं पिवळं. रिक्षावाला थांबून म्हणाला, "कवाची तारीख हाय?" आण्णांनी फोटो काढला आणि का कोण जाणे माझ्या आईला पाठवला. आई फोनवर रडायलाच लागली. न विचारता लग्न केलंस म्हणून. तिला समजावण्यात अर्धा तास गेला, आणि शेवटी 'मग कर तरी' यावर गाडी आली.

माझं ठीक होतं, मी आंघोळ केली. लॅपटॉपला आंघोळ घालता येईना. तो सुरू केला की आतनं हळद भाजल्यासारखा वास यायचा आणि बंद पडायचा. दुरुस्तीवाल्यानं तो उघडला, आत डोकावला आणि म्हणाला, "ह्यात भाजी करायचा विचार होता का?" गुरुवारचा अख्खा दिवस त्यात गेला.

चौगुलेकाकांनी संध्याकाळी पाचलाच जेवायला बसवलं. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मी मनात म्हणालो, आता राहिलं काय? तर मुगाची उसळ, तूप घातलेला भात, ताक, आणि गुळाच्या पोळ्या अशा की मी चार खाल्ल्या आणि पाचवीकडं आण्णांनी डोळे वटारले म्हणून थांबलो. आमच्या घरी नऊच्या आत ताट वाढलं तर लोक विचारतात कोण आजारी आहे का. काकूंनी एवढंच विचारलं, "उद्या कुठं जाणार?"

उद्या. तेव्हा मला आठवलं की आज गुरुवार होता. आणि आठ कधीच वाजून गेले होते.

सकाळपासून ताईंचे चार मिसकॉल होते. उचलले नव्हते. साहेब मीटिंगमध्ये होते.

जत

शुक्रवारी दुपारी तीनला पोचलो. जत सोडलं की हिरवा रंग कमी कमी होत जातो आणि शेवटी फक्त रस्त्याकडेच्या पाट्यांवर उरतो. ज्वारी निघालेली, नुसती धसकटं. माळावर मेंढरं. पाट्या आधी मराठीत, मग दोन्हीत. वस्तीच्या तोंडाशी निंबाखाली एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, तिच्यावर टॉवेल अंथरलेला. बाजूला तांब्या, पेला, नारळ आणि हार. हार कालचा होता.

सुवर्णाताई पुढं आल्या. उंच बाई, कपाळावर मोठं कुंकू, आशा वर्करची साडी, पायात पुरुषी चपला. मागं त्यांची सून, पोटावर हात ठेवून उभी.

"सायेब कुठायत?"

मी तोंड उघडायच्या आत आण्णांनी माझ्या पाठीला हात लावून मला पुढं सारलं. फौजेत म्हणे खोटं बोलणाऱ्याला दोनदा शिक्षा होते. "ह्योच सायेब हाय, ताई. पोटात हाय त्येच्या."

ताईंना कळायला वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, "काढ बघू आवाज."

"ताई, जाऊ द्या की."

"काढ."

वीसेक माणसांच्या पुढं मी जाड आवाजात म्हणालो, "हां, बोला. साहेब बोलतोय." लोक हसले. सून तर पोट धरून हसली. ताई हसल्या नाहीत.

"काल सकाळी साताला ह्या खुर्चीवर टावेल टाकला मी. वाटलं, सायेब येणार. ही बी बसली उन्हात. सायेबाला दिसावं, कुणासाटी म्हनतीया ते." मग म्हणाल्या, "गेल्या म्हैन्यात शेजारच्या धोंडूमामाला पान लागलं, साप चावला. फोन लावला तर पल्याडची बाई उचलती. कन्नड मला येतंय रं, कन्नडचं काय न्हाई. पर अँबुलन्सला वाट येत न्हाई. यल्लम्माच्या वस्त्या तिकडं बी हाईत. दीड तास तिकडंच हिंडली ती. मामा वाचला त्याच्या नशिबानं. हिला नशिबावर सोडू?"

"न्हाई ताई."

"मग तुज्या सोताच्या आवाजात सांग. काम कवा हुनार?"

"उद्या दुपारच्या आत."

त्यांनी मला पेला भरून पाणी आणि गुळाचा खडा दिला. मी अर्धं पाणी प्यालो, आणि उन्हानं तोंड तापलं होतं म्हणून उरलेलं तोंडावर मारलं. आण्णांनी डोळे मिटून घेतले. तिथं पाणी टँकरनं येतं, चार दिवसांतनं एकदा, आणि पाव्हण्याला पेला भरून देणं म्हणजे काय देणं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज माझ्यासारख्यालाच पडते. सून आत गेली आणि पेला परत भरून घेऊन आली. तो मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो, तहान नसताना.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. गाडी जाते तेवढ्या रस्त्यावर फोन एकदम शहाणे, आपल्याच टॉवरला चिकटलेले. म्हणजे ताई म्हणतात ते कागदावर दिसेचना. कारण घरं रस्त्यावर नाहीतच, ती माळावर विखुरलेली, मधे दगड, बाभळी आणि कोरडा ओढा. एक फोन हातात घेऊन घर न घर, पायवाट न पायवाट तुडवायची, एवढाच उपाय. मी शंभर पावलं चाललो असेन, तर माझ्या नव्या बुटाचा तळवा पुढनं उघडला. प्रत्येक पावलाला तो जबडा वासायचा आणि आत खडा घ्यायचा.

तेवढ्यात बिराप्पा आला. बिराप्पा धनगर, खांद्यावर घोंगडं, पुढं शंभरभर मेंढरं.

"कुठं निगाला, सायेबा?" सायेब ही पदवी वस्तीभर झाली होती.

मी त्याला सगळं सांगितलं. हा फोन सगळ्या माळावरनं, ओढ्यातनं, घरांच्या मागनं फिरवायचाय. बिराप्पा म्हणाला, "मी तर रोज त्येच करतूया. दे की."

इथं माझ्यातला आळशी माणूस आणि माझ्यातला हुशार माणूस यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. बिराप्पा खिशात फोन ठेवायला तयार नव्हता, खिशात बिड्या होत्या. मग त्यानं तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुढं चालणाऱ्या एडक्याच्या गळ्यात, घंटेच्या शेजारी बांधला. एडक्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. त्याला माझ्यापेक्षा जबाबदारी जास्त कळत होती.

मी निंबाखाली परत आलो. ताईंच्या सुनेनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही आणून ठेवलं होतं. कडक भाकरी पहिल्यांदा खाणाऱ्यानं बेतानं खावी, माझी दाढ अजून आठवण काढते. जेवलो. जरा लवंडलो.

आण्णांनी लाथेनं उठवलं. साडेअकरा वाजले होते.

"फोन कुठाय?"

"एडक्याकडं."

"आन एडका कुठाय?"

माळावर एकही मेंढरू नव्हतं.

बारा वाजता मॅडमना सगळं पाठवायचं होतं आणि पाठवायचं ते सगळं एका बोकडाच्या मोठ्या भावाच्या गळ्यात लटकलं होतं. ताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी नुसतं सुनेकडं बघून माझ्याकडं बघितलं. साहेबाचा आवाज काढून ह्यातनं सुटता येत नव्हतं. मी बूट काढून फेकले, लॅपटॉप काखेत मारला आणि अनवाणी पळालो, ओढ्यातनं, काट्यातनं. मागनं आण्णा ओरडत होते, "दाहिने से! दाहिने से!" त्यांना उजवं कुठलं वाटत होतं ते त्यांनाच ठाऊक.

मेंढरं सीमेपलीकडच्या विहिरीवर सापडली. बिराप्पा काठावर बसून निवांत बिडी ओढत होता.

"आरं इकडं कशाला आणलीस?"

"मग पानी पाजाय नगं व्हय? इकडं पानी हाय." आणि विहिरीच्या मालकाकडं बघून म्हणाला, "हौद्री?" मालकानंही मान हलवून 'हौद्री' म्हटलं, म्हणजे 'होय हो'. दोन राज्यांचा प्रश्न तिथं तेवढ्यात मिटला.

फोन चिखलानं माखलेला, लाळेनं चिकट, पण चालू. तिथंच धोंड्यावर बसून केबल लावली आणि नकाशा उघडला.

एडका कुठं कुठं गेला नव्हता? प्रत्येक घराच्या मागं, प्रत्येक कुंपणाला, उकिरड्यावर, ओढ्यात उतरून चढून सात वेळा. आणि त्या रेघेत स्वच्छ दिसत होतं की कोरड्या ओढ्याच्या अलीकडं आपला टॉवर, आणि ओढा ओलांडून दहा पावलं वर गेलं की टेकाडामुळं आपला टॉवर झाकला जातो आणि समोर उघड्यावर असलेला पलीकडचा टॉवर फोनला धरतो. ताईंच्या घरापासनं पुढची चौदा घरं त्याच उतारावर. मी चाललो असतो तर सरळ पायवाटेनं गेलो असतो आणि यातलं निम्मं मला दिसलंच नसतं.

बाराला तीन मिनिटं कमी असताना, पलीकडच्याच टॉवरवरून, मी सगळं मॅडमना पाठवलं.

दहा मिनिटांत फोन.

"पम्या, ही गाडी कसली आहे?"

"का मॅडम?"

"वेग ताशी दोन किलोमीटर. एका बाभळीभोवती अकरा फेऱ्या. मग वीस मिनिटं एका उकिरड्यावर. मग सीमा ओलांडून विहिरीत?"

"विहिरीवर, मॅडम. आत नाही गेलं."

खरं ते सांगावं लागलं. मग मॅडम एकदाच सगळं बोलल्या. कंपनीचा फोन, माझी अक्कल, आणि 'वाहनाचा प्रकार' या रकान्यात आता त्यांनी काय लिहायचं. शेवटी म्हणाल्या, "पण रीडिंग बरोबर आहे. असं नीट कुणीच आणलेलं नव्हतं. सोमवारी त्या टॉवरच्या नावापुढं वस्ती चढेल, मग पल्याडच्या बाईच्या स्क्रीनवरही दिसेल आणि गाडी आपल्याकडची, जवळची निघेल. ताईंना कळव."

"हो मॅडम."

निघताना मी 'सोमवारी बदल झाला की फोन करतो' म्हणालो, आणि ताईंनी परवाचाच नारळ फोडला, अर्धा मला आणि अर्धा बिराप्पाला. मग आम्ही सातारच्या वाटेला लागलो, आण्णांनी लेहच्या गोष्टी सुरू केल्या, मी त्यांच्याच आवाजात त्या पुढं चालू ठेवल्या, आणि दोन दिवसांत मी जत विसरलो.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी कोरेगावात एका टॉवरखाली भेळ खात होतो. फोन वाजला.

"पम्या का?"

"व्हय ताई. काय म्हणताय? सून बरी हाय न्हवं?"

"नात झाली. दोगी बऱ्या हाईत. आता भेळ खाली ठेव, कुडुम कुडुम ऐकू यायलंय, आन नीट ऐक."

मी भेळ खाली ठेवली.

"आमची अँबुलन्स दीड तासानं येती. ठावं हाय न्हवं तुला? म्हनून मी काय क्येलं, सकाळी हिच्या जरा कंबरंत कळ आली की लगीच फोन लावून ठेवला. म्हटलं, येती तवर सगळं आवरतंय. चुलीवर आमटी ठेवली. हिला न्हाऊ घालाय पानी तापाय ठेवलं. पोराला म्हटलं, जा, टँकर आलाय, दोन घागरी घिऊन ये, लय टाइम हाय. आन इकडं पंधरा मिंटात दारात भोंगा. पंधरा मिंटात रं. दारात म्हंजे दारात, कुनाला वाट इचारली न्हाई. गाडीतली पोरगी म्हनती, आवं मावशी, चला, चला. हिची पिशवी भरलेली न्हाई. माज्या पायात चप्पल न्हाई. आन टँकरच्या रांगंतनं आमच्या गाडीला वाट करून कुनी दिली? माज्याच पोरानं. हात करून रांग मागं सारली त्यानं, आन गाडी गेल्यावर परत घागर लावली. आत आपलीच बायकू हाय त्याला पत्ता न्हाई. दोन घागरी भरून घरी आला, तर घरात कोन न्हाई, आन आमटी जळालेली. मी हितं जतच्या दवाखान्यात पळी हातात धरून बसलीया अजून. डाक्तर मला इचारतोय, मावशी, ही कशाला आनली?"

"ताई, ते यादीत बदल झाला हुता. सोमवारीच झाला."

"झाला हुता?"

"व्हय."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

मागं दवाखान्यात एक बारीक रडणं सुरू झालं.

"फोन लावायचाच पगार घेता न्हवं रं तुमी? मग एक मला लावाय काय झालं हुतं?"